ज्येष्ठांचे मृत्युपत्र करून देणाऱ्या सेवा: पैसे कशाचे द्यायचे?

सत्तरी-ऐंशीतल्या माणसाला मृत्युपत्र करायचे असेल तर महाराष्ट्रात आज तीन ठिकाणी जाता येते. संकेतस्थळावर प्रश्नांची उत्तरे भरली की तयार मसुदा हाती येतो. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आसपास दस्तलेखक बसलेले असतात. आणि तिसरा वकील. याशिवाय सरकारची नोंदणीची सेवा आहे, ती या तिन्हींपैकी कशालाही जोडता येते. चारही सेवांचे बरेवाईट इथे मांडले आहे, पण वकिलाच्या सेवेवर जास्त लिहिले आहे, कारण सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो. चांगला वकील आणि कामचलाऊ वकील दोघेही चार पानेच हातात ठेवतात. दोन्ही कागद सारखेच दिसतात, आणि त्यातला कोणता टिकणार हे कळते तेव्हा सही करणारा हयात नसतो.

म्हणून कसोटी एकच लावली आहे. उद्या एखाद्या मुलाने किंवा पुतण्याने कोर्टात आक्षेप घेतला, तर हा कागद त्या माणसाच्या स्वतःच्या इच्छेचा होता हे दाखवायला मागे काय उरते?

संकेतस्थळावरचा मसुदा स्वस्त असतो आणि एक काम तो खरोखर चांगले करतो. बँक खाती, ठेवी, डीमॅट, विमा, सोसायटीचा भाग दाखला, गावची जमीन अशी सगळी यादी करायला तो भाग पाडतो. साठीच्या आतबाहेरचा, तब्येतीने ठणठणीत माणूस, एक घर, दोन मुले, भांडण नाही, अशा ठिकाणी तो पुरतोही. मात्र ‘ऑनलाइन मृत्युपत्र’ या शब्दांनी फसू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने मृत्युपत्राला त्या कायद्यातून वगळले आहे, त्यामुळे आधारच्या ओटीपीने केलेली इलेक्ट्रॉनिक सही इथे चालत नाही. मसुदा छापून, त्यावर शाईने सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच. शिवाय फॉर्म बहुधा मुलगा किंवा सून भरते, मोबाइल क्रमांक आणि ईमेलही त्यांचाच असतो. उद्या कोणी विचारले की या सूचना दिल्या कोणी, तर सगळ्या नोंदी लाभार्थ्याकडेच बोट दाखवतात. आणि मसुदा इंग्रजीत. ज्या आजींनी आयुष्यभर मराठीतच सही केली त्यांचे मृत्युपत्र इंग्रजीत का, हा उलटतपासणीतला पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे.

नामनिर्देशनाचा, म्हणजे नॉमिनीचा, गोंधळही हे फॉर्म नीट सोडवत नाहीत. सोसायटीत, बँकेत, शेअरमध्ये ज्याचे नाव नामनिर्देशित आहे तोच मालक, अशी समजूत घरोघरी आहे. शेअर आणि म्युच्युअल फंडांपुरती ती सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या मुंबईच्या प्रकरणात स्पष्ट शब्दांत मोडून काढली. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम किंवा शेअर ताब्यात घेते, पण मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. नामनिर्देशनात एक नाव आणि मृत्युपत्रात दुसरे असेल तर मृत्युपत्रात त्याचा स्पष्ट उल्लेख हवा. तयार फॉर्ममध्ये त्यासाठी रकानाच नसतो.

दस्तलेखकाचे बलस्थान वेगळे. गट क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक, चतुःसीमा, क्षेत्रफळ यात तो सहसा चुकत नाही, आणि कार्यालयात कोणत्या खिडकीवर काय लागते ते त्याला पाठ असते. गावच्या जमिनीसाठी ही अचूकता महत्त्वाची आहे, कारण पुढे फेरफार याच वर्णनावर होतो. अडचण साक्षीदारांची आहे. कार्यालयाबाहेर उभी असलेली, मृत्युपत्र करणाऱ्याला त्याच दिवशी पहिल्यांदा पाहणारी दोन माणसे सह्या करून जातात. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ही सही आपली असल्याचे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि साक्षीदाराची स्वतःची सही त्याच्यासमोर झालेली असावी. पुढे कोर्टात त्यांपैकी निदान एकाला बोलवावेच लागते. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ६८ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ६७ आहे. ज्याचा पत्ताही कोणाकडे नाही असा साक्षीदार पंधरा वर्षांनी शोधायचा कुठे? साक्षीदार वयाने तरुण, ओळखीचे, त्याच गावात टिकून राहणारे आणि मालमत्तेत काहीही न मिळणारे हवेत. ऐंशीच्या आजोबांनी ऐंशीचाच मित्र साक्षीला आणला तर दोघेही निघून गेल्यावर हस्ताक्षर सिद्ध करण्याची कसरत उरते.

आता वकील. ज्येष्ठ अशिलासमोर वकिलापुढचा पहिला प्रश्न कायद्याचा नसतो, अशील कोण हा असतो. फोन मुलाने केला, गाडीतून मुलाने आणले, फी मुलगा देतोय, सूचनाही मुलगाच सांगतोय आणि बाबा शेजारी मान डोलावतायत. ही रोजची गोष्ट आहे. यात मुलगा लबाडच असतो असे अजिबात नाही, बहुतेक वेळा तोच मनापासून सेवा करणारा असतो. पण सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये एच. वेंकटचला अय्यंगार प्रकरणात घालून दिलेली चौकट आजही लागू आहे. मृत्युपत्र करण्यात लाभार्थ्याने पुढाकार घेतला असेल, करणारा शरीराने किंवा मनाने क्षीण असेल, वाटणी अस्वाभाविक असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती ठरते आणि संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते. म्हणजे ज्या मुलाने चांगल्या मनाने सगळी धावपळ केली, त्याच धावपळीने त्याचा हक्क धोक्यात येतो. हे त्याला पहिल्याच भेटीत समजावून सांगणारा वकील मिळाला तर पैसे वसूल झाले असे समजा.

चांगली सेवा अशी ओळखावी. वकील मुलाला बाहेर बसवतो आणि ज्येष्ठाशी एकट्याशी निदान अर्धा तास बोलतो. वेळ सकाळची देतो. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असलेल्या अनेकांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो, झोपेच्या गोळीचा अंमलही कधी कधी उरलेला असतो. श्रवणयंत्र आणि चष्मा आहे ना हे आधी बघतो. न ऐकू आलेल्या प्रश्नाचे चुकलेले उत्तर म्हणजे बुद्धी गेली असे नाही. मग हो-नाही उत्तराचे प्रश्न टाळतो. ‘घर धाकट्याला द्यायचंय ना?’ असे न विचारता ‘तुमच्या नावावर काय काय आहे? मुलं कोण, कुठे असतात? कोणाला काय द्यावंसं वाटतं, आणि का?’ असे विचारतो. या प्रश्नांत मानसिक क्षमतेची सगळी कसोटी येते: आपण काय करतोय, मालमत्ता साधारण किती आहे, तिच्यावर कोणाकोणाचा हक्क सांगितला जाऊ शकतो, हे त्या क्षणी कळते का. तारीख आठवली नाही किंवा पंतप्रधानांचे नाव चुकले म्हणून क्षमता जात नाही. उत्तराधिकार कायद्याच्या कलम ५९ ने अंध, मूकबधिर व्यक्तीलाही मृत्युपत्राचा हक्क दिला आहे, आपण काय करतोय हे तिला कळत असले म्हणजे झाले. एरवी मन थाऱ्यावर नसलेला माणूसही, ज्या काळात त्याचे मन शुद्धीवर असते त्या काळात मृत्युपत्र करू शकतो. फक्त ती शुद्ध वेळ सिद्ध करायचा भार फार मोठा असतो.

या भेटीचे टिपण वकिलाने त्याच दिवशी, तारीख-वेळ घालून, शक्यतो ज्येष्ठाच्याच शब्दांत लिहून फाइलला लावले पाहिजे. मसुद्यापेक्षा या टिपणाची किंमत जास्त आहे. भेट ठरवताना सरळ विचारा: तुम्ही भेटीचे टिपण ठेवता का, आणि फाइल किती वर्षे सांभाळता? गोंधळलेले उत्तर आले तर दुसरीकडे जा.

डॉक्टरच्या दाखल्यावर बहुतेक ठिकाणी निष्काळजीपणा होतो. ‘शारीरिक व मानसिकदृष्ट्या सक्षम’ अशी एका ओळीची, आठवड्यापूर्वीची चिठ्ठी कोर्टात पहिल्या पाच मिनिटांत कोसळते. दाखला सहीच्या दिवसाचाच हवा. त्यात तपासणीची वेळ, कोणते प्रश्न विचारले, काय उत्तरे आली आणि कोणती औषधे चालू आहेत हे असावे. विसरभोळेपणाचे निदान आधीच झाले असेल तर फॅमिली डॉक्टरवर न थांबता मनोविकारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. स्मरणशक्तीची ३० गुणांची जी चाचणी घेतली जाते, तिच्यातला आकडा एकट्याने काही सांगत नाही, कारण कमी शिकलेल्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या माणसाचे गुण मुळातच कमी येतात. डॉक्टरला साक्षीदार करणे उत्तम, पण मग त्याने दाखल्याखाली सही करून भागत नाही. साक्षीदार म्हणून, साक्षीदाराच्या जागी, वेगळी सही लागते.

वकिलाने स्वतः साक्षीदार व्हावे का? ओळखीचे म्हणून बरेच वकील होतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांप्रमाणे ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होण्याची शक्यता आहे त्यात वकिलाने उभे राहू नये. म्हणजे ज्याने मृत्युपत्रावर साक्ष घातली तो पुढच्या वादात तुमचा वकील म्हणून नको. साक्षीदार म्हणून त्याची जबानी मात्र वजनदार ठरते. हा सौदा आहे, तो आधी समजावून सांगितला गेला पाहिजे. मृत्युपत्रात वकिलाला स्वतःला काही मिळत असेल तर ते काम त्याने घ्यायलाच नको होते.

हितसंबंधांचा गुंता इथेच संपत नाही. तोच वकील सोसायटीच्या पुनर्विकासात मुलाचा वकील असतो, किंवा धाकट्याच्या धंद्याचे करार बघतो. असा संबंध त्याने ज्येष्ठाला आपणहून सांगायचा असतो. नवरा-बायको दोघांची मृत्युपत्रे एकाच वकिलाने केली तर बिघडत नाही, पण दोघांशी वेगवेगळे बोलणे झाले पाहिजे आणि एकाने सांगितलेले दुसऱ्याला कळणार की नाही हे आधी ठरले पाहिजे. गुप्ततेची खरी परीक्षा मुलीच्या फोनने होते: ‘आईने काय लिहिलंय तेवढं सांगा, मी विचारलं म्हणून सांगू नका.’ अशिलाच्या परवानगीशिवाय वकील यावर काहीही बोलू शकत नाही, साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चे बंधन त्याच्यावर आहे. फी मुलीने भरली असली तरीही. पावती ज्येष्ठाच्या नावाने मागा.

एखाद्या अपत्याला वगळायचे असेल तर कारण मृत्युपत्रातच, शांत शब्दांत लिहावे. ‘मोठ्या मुलाला २०११ साली घरासाठी रक्कम दिली आहे’ हे वाक्य टिकते, शिव्याशाप टिकत नाहीत. उलट ते रागाच्या भरात, कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिले असा आक्षेप येतो. घटना खरी आणि पुराव्यानिशी दाखवता येणारी हवी. मालमत्ता वडिलोपार्जित असेल तर स्वतःच्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते, आणि मुलींचा हिस्सा धरूनच तो हिस्सा काढायचा असतो. हा हिशेब न करता संपूर्ण वाडा एकाच्या नावे लिहून देणारा वकील काम अर्धेच करतो.

सही करताना प्रत्येक पानावर सही, खाडाखोड असेल तिथेही सही. अंगठा असेल तर तो का (हात कापतो, लिहिता येत नाही) आणि मजकूर कोणी, कोणत्या भाषेत वाचून दाखवला हे लिहिलेले हवे. आयुष्यभर सही करणाऱ्याचा अचानक अंगठा दिसला आणि कारण कुठेच नसले, तर आक्षेपाला आयते निमित्त मिळते. व्हिडिओ घेणार असाल तर ज्येष्ठ स्वतःच्या शब्दांत बोलतायत असा, न तोडलेला घ्या. मुलगा पाठीमागून शब्द सुचवतोय असा व्हिडिओ विरुद्ध बाजूचाच पुरावा होतो. मूळ उपकरण किंवा मूळ फाइल जपा, कारण कोर्टात तो दाखल करताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र, हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा), द्यावे लागते. व्हॉट्सॲपवरून फिरलेली दबलेली प्रत त्या कामाची नसते.

नोंदणी सक्तीची नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कही लागत नाही. तरी नोंदणी करावी असेच आमचे मत आहे, एका छोट्या पण मोलाच्या कारणासाठी: कागद हरवला, फाडला गेला, कपाटातून गायब झाला तरी कार्यालयात प्रत राहते. ही नोंद वेगळ्या पुस्तकात असते आणि करणारा हयात असेपर्यंत तिची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला सोडून कोणाला मिळत नाही. सरकारी सेवेतली ही बाजू खरोखर चांगली आहे आणि लोकांना ती फारशी माहीत नाही. ज्यांना मजकूर कार्यालयातही उघड करायचा नाही त्यांनी लाखबंद पाकीट जिल्ह्याच्या निबंधकाकडे ठेवावे, ते हयातीत परत घेता येते. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी नोंदणी कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे अधिकारी घरी येऊ शकतो, त्यासाठी कारणासह अर्ज आणि वैद्यकीय दाखला द्यावा. कार्यालयातला नेहमीचा अडथळा बोटांचा असतो: म्हातारपणी ठसे झिजतात, यंत्र ते घेत नाही, आणि ज्येष्ठ तासभर ताटकळतात. आधी हात धुऊन, थोडे तेल किंवा मलम लावून जावे, आणि सकाळची पहिली वेळ घ्यावी.

नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र अभेद्य झाले, असे कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. राणी पूर्णिमा देवी प्रकरणात, १९६१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की केवळ नोंदणीने संशय धुऊन निघत नाही. निबंधकासमोर मजकूर समजून कबूल केला का, हे बघितले जाते.

सगळ्यात कठोर शब्द बक्षीसपत्राबद्दल लिहावे लागतील. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलगा, मुलगी, जोडीदार, नातवंडांना बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. ‘मृत्युपत्रापेक्षा हेच करा, नंतर कटकट नाही’ असा सल्ला त्यामुळे सर्रास दिला जातो. मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येते. बक्षीसपत्र सही, नोंदणी आणि स्वीकार झाल्यावर मनात आले म्हणून मागे घेता येत नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा, २००७ च्या कलम २३ ने एक वाट ठेवली आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, न्यायाधिकरणाकडून रद्द करून मिळते. २०२२ च्या सुदेश छिकारा निकालात अशी अट दिसली पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. २ जानेवारी २०२५ च्या उर्मिला दीक्षित निकालात कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. उदार निकालाच्या भरवशावर राहू नये. दस्तातच लिहून घ्यावे: हयातभर त्याच घरात राहण्याचा हक्क, जेवण, औषधोपचार, आणि हे न पाळल्यास दस्त रद्द करता येईल. हे कलम न घालता ज्येष्ठाच्या वतीने बक्षीसपत्र करून देणाऱ्या वकिलाने आपल्या अशिलाचे नुकसान केले आहे, मग तो कितीही सज्जन असो.

कुलमुखत्यारपत्राचेही तसेच. ‘बाबांना आता काही कळत नाही, म्हणून मुखत्यारपत्र करून ठेवू’ ही मागणी दर आठवड्याला येते, आणि ती उलटी आहे. कळत नसेल तर सही करता येत नाही, आणि कळत असताना केलेले मुखत्यारपत्रही करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मन विकल झाल्यावर संपते. भारतात त्यापुढे टिकणारे मुखत्यारपत्र कायद्याने दिलेले नाही. स्मृतिभ्रंश पुढे गेल्यावर मालमत्तेसाठी पालक नेमायला बऱ्याचदा उच्च न्यायालयात रिट याचिकाच करावी लागते. म्हणून निदान झाल्याच्या पहिल्या महिन्यांतच मृत्युपत्र, संयुक्त खाती, नामनिर्देशने आणि वैद्यकीय पूर्वनिर्देश (आजार असाध्य झाल्यास कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणे) एकाच वेळी उरकून घ्यायला लावणारी सेवा श्रेष्ठ. पूर्वनिर्देशाची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सोपी केली आहे, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेत.

दावा चालू असलेल्या ज्येष्ठांनी वकिलाला दोन गोष्टी विचाराव्यात. एक, माझी साक्ष लवकर किंवा घरी कोर्टाचा आयुक्त नेमून नोंदवण्याचा अर्ज करणार का? दिवाणी प्रक्रिया संहितेत दोन्हींची सोय आहे आणि ती वापरली जात नाही, मग तारखांमध्ये साक्षच हरवते. दुसरी, मी मध्येच गेलो तर? वारस नोंदवायला ९० दिवसांची मुदत आहे, आणि कोर्टाला मृत्यूची खबर देणे हे वकिलाचेही कर्तव्य आहे. अशिलाची समज गेली तर जुन्या वकीलपत्रावर मुलाच्या सूचना घेत राहणे योग्य नाही, दाव्यापुरता वादमित्र (अशिलाच्या वतीने दावा चालवणारा) किंवा पालक नेमून घ्यावा लागतो.

निर्वाहाच्या अर्जासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात निर्वाह कायद्याचे कलम १७ वकिलाला उभे राहू देत नाही. या कलमावर केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वकिलांच्या बाजूने निकाल दिला आहे, पण ज्येष्ठाने स्वतः बोलण्याची तयारी ठेवलेली बरी. तिथे वकिलाची उपयुक्त सेवा म्हणजे एका पानाचा मुद्देसूद अर्ज, औषधांच्या बिलांची तारीखवार चळत आणि मासिक खर्चाचा तक्ता. मूळ कायद्यात निर्वाहाची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. अर्ज ९० दिवसांत निकाली काढायचा, फार तर ३० दिवस वाढवून.

गोव्यात घर असलेल्या मराठी कुटुंबांनी महाराष्ट्रातला नमुना तिथे वापरू नये. तिथे मुलांसाठी मालमत्तेचा अर्धा भाग राखीव असतो, मृत्युपत्राने उरलेल्या अर्ध्याचीच विल्हेवाट लावता येते आणि जोडीदाराच्या संमतीचा प्रश्न प्रत्येक पायरीवर येतो. तिथल्याच वकिलाकडे जा, पुण्याच्या वकिलाने कितीही खात्री दिली तरी.

फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे दोन क्रमांक आहेत. फोन ज्येष्ठाने स्वतः करावा, आणि भेट मिळाली की तिथेही एकट्याने बोलण्याची वेळ मागून घ्यावी.